‘डेथ डिस्को’ आईसाठी रचले गेले होते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत १९७९ सालच्या ब्रिटिश संगीतावरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात पोस्ट-पंकसारख्या, म्हणजे बंडखोर पंक रॉकच्या पाठोपाठ आलेल्या प्रयोगशील संगीतासारख्या, विषयाला अर्धे पान मिळते याचा आनंद आहे, आणि लेखातील बराचसा भाग मेहनतीने लिहिलेला आहे हेही मान्य केले पाहिजे. परंतु त्यात ‘पब्लिक इमेज लिमिटेड’ या बँडच्या ‘डेथ डिस्को’ या सिंगलचा निकाल लेखकमहाशयांनी जेमतेम चार वाक्यांत लावला आहे. हे गाणे म्हणजे डिस्को संगीताचे विडंबन आहे, त्यातील गिटार बेसूर आहे, गाणाऱ्याने प्रयोगाच्या नावाखाली नुसती आरडाओरड केली आहे आणि अशा गाण्यांना श्रोता मिळत नाही, असा त्या चार वाक्यांचा आशय. या गाण्याची आणि माझी ओळख चाळीस वर्षांहून जुनी असल्याने मला हे वाचून स्वस्थ बसवले नाही.

आधी विडंबनाचा मुद्दा घेतो, कारण बाकीचे गैरसमज त्यातूनच निघाले आहेत. २९ जून १९७९ रोजी ‘व्हर्जिन’ कंपनीने हे सिंगल बाजारात आणले. त्याचे शब्द लिहिणारे आणि गाणारे जॉन लायडन हे लंडनमध्ये वाढलेले आयरिश स्थलांतरितांचे चिरंजीव, आणि दीड वर्षापूर्वीपर्यंत ते ‘जॉनी रॉटन’ या नावाने ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडमध्ये गात होते. त्यांची आई आयलीन कर्करोगाने आजारी होती आणि तिच्या अंथरुणापाशी बसून त्यांनी जे पाहिले ते या गाण्यात आले आहे. आपल्या अंत्यविधीसाठी एक डिस्को गाणे लिही, असे आईनेच आपल्याला सांगितले होते, ही गोष्ट लायडन यांनी पुढे वेळोवेळी सांगितलेली आहे. हे एकदा कळले की शीर्षकातला ‘डिस्को’ हा शब्द टिंगलीसाठी आलेला नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. मरणाऱ्या बाईची ती फर्माईश होती आणि मुलाने ती शब्दशः पाळली. शब्दांतही टिंगलीला कुठे जागा नाही. तिच्या डोळ्यांत काय दिसते ते तो पुन्हापुन्हा सांगतो, अंथरुणावर घुसमटणारा श्वास सांगतो, कुजत चाललेली फुले सांगतो, आणि हे शब्दांत मावणार नाही असे म्हणून पुन्हा तेच शब्द धरतो. देवाचे नाव नाही, पुनर्भेटीचे आश्वासन नाही आणि आईच्या थोरवीचे वर्णनही नाही.

आपल्याकडे डिस्को म्हटले की चमचमणारे जाकीट आणि छताला फिरणारा आरशांचा गोळा डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे मरणाशी त्याची सांगड थट्टेचीच असणार असे वाटणे स्वाभाविक आहे. त्या काळात पाश्चात्त्य रॉक-रसिकांनाही तसेच वाटत होते, किंबहुना त्यांना डिस्कोचा उघड द्वेष होता. हे सिंगल बाजारात येऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, १२ जुलै १९७९ रोजी, शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांनी भरलेली पेटी स्फोटकांनी उडवण्यात आली, प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्या दिवशीचा दुसरा सामना खेळवताच आला नाही. पंकच्या गोटातून आलेल्या माणसाने त्याच उन्हाळ्यात डिस्कोचा ठेका जसाच्या तसा उचलावा, त्यावर आपल्या आयुष्यातले सर्वांत खाजगी दुःख ठेवावे आणि तेही शीर्षकात उघडपणे मांडावे, हे धाडसाचे काम होते. डेव्हिड हम्फ्री या ड्रमवादकाने गाण्यात जो ठेका धरला आहे तो पूर्णपणे नाचाचा आहे. बेस ड्रमचा एकसारखा पडणारा ठोका, त्याच्यावर हाय-हॅटची, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीची, उघडझाप, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही ढिलाई नाही. डिस्कोची खिल्ली उडवायची असती तर त्यांनी हा ठेका वाकडातिकडा केला असता. त्यांनी तो सरळ ठेवला, आणि माणूस कोसळला तरी ठेका थांबत नाही, हीच गाण्यातली खरी क्रूर गोष्ट आहे.

येथे थोडे स्वतःविषयी लिहितो. मी मुंबईच्या एका फिल्म लॅबोरेटरीत प्रिंट तपासण्याच्या खात्यात नोकरीला होतो. १९८१ साली माझा मावसभाऊ, जो बोटीवर इंजिन खात्यात होता, लिव्हरपूल बंदरातून माझ्यासाठी एक फिल्मचा डबा घेऊन आला. तुझ्या धंद्यातली वस्तू आहे म्हणून आणली, एवढेच तो म्हणाला. डबा खरोखरच सोळा मिलीमीटरच्या रिळासाठी वापरतात तसला होता, पत्र्याचा, गोल, झाकणावर बँडचे बोधचिन्ह उठवलेले. कडेवर दोन्ही अंगठे ठेवून, डबा जरा जरा फिरवत झाकण सैल करायचे, ही रोजच्या कामाची युक्ती मला येत असल्याने तो उघडायला मला वेळ लागला नाही. पण आत रिळाऐवजी बारा इंची तीन तबकड्या इतक्या घट्ट बसवलेल्या होत्या की मधले कागद न फाटता त्या बाहेर काढणे हे एक कसबच होते. ‘मेटल बॉक्स’ या नावाने नोव्हेंबर १९७९ मध्ये निघालेला हा अल्बम. असे साठ हजार डबे काढण्यात आले आणि पुढच्या वर्षी तेच संगीत साध्या वेष्टनात पुन्हा विकले गेले, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. ‘डेथ डिस्को’ त्या तबकड्यांवर ‘स्वान लेक’ या नावाने आहे, पण तेव्हा ही दोन नावे एकाच गाण्याची आहेत याचाही मला पत्ता नव्हता.

आता एक कबुली. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सात इंची तबकडी म्हणजे पंचेचाळीसचा वेग आणि बारा इंची म्हणजे तेहेतीसचा, हा नियम सूर्य पूर्वेला उगवतो इतका पक्का होता. ‘मेटल बॉक्स’च्या तिन्ही तबकड्या आकाराने मोठ्या असूनही पंचेचाळीसच्या वेगाने वाजवायच्या आहेत, हे माझ्या ध्यानीमनीही आले नाही. मी ते सारे संगीत काही महिने संथ गतीने ऐकत होतो आणि विलायतेतली तरुण पोरे इतक्या खर्जात का गातात याचे नवल करीत होतो. (खरे सांगायचे तर त्या गतीतही ‘स्वान लेक’ वाईट वाटत नसे.) मावसभाऊ पुढच्या रजेवर आला तेव्हा पोट धरून हसला आणि त्याने प्लेअरचा खटका पंचेचाळीसवर सरकवला. आवाज एकदम वर चढला. आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेली आई सूप हातात घेऊनच दाराशी आली आणि तिने विचारले, “कोण गेलं रे याचं?”

माझ्या आईला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. तिचे बालपण राजापूरच्या बाजूच्या एका खेड्यात गेले होते आणि घरातले माणूस गेल्यावर बायका हेल काढून कशा रडतात, आठवणी सांगता सांगता सूर कसा चढतो, तुटतो आणि पुन्हा पहिल्या पट्टीवर कसा येतो, हे तिने लहानपणापासून ऐकलेले होते. मी तिला सांगितले की हा इंग्रजांचा नाचाचा प्रकार आहे. तिला ते पटले नाही. ती थोडा वेळ दारातच उभी राहिली आणि “नाचाचा असेल, पण तो रडतोय,” असे म्हणून आत गेली. गाण्याची जन्मकथा मी कित्येक वर्षांनी वाचली, आणि तेव्हा आई आमच्यात नव्हती. लेखकमहाशयांना जी आरडाओरड वाटली तिच्याविषयी माझे म्हणणे एवढेच आहे. आयर्लंडमध्येही मृताच्या घरी बायकांनी सूर धरून विलाप करण्याची जुनी रीत होती, आणि चर्चच्या धर्मगुरूंचा तिला विरोध असे. लायडन यांच्या कानावर तसा विलाप कधी पडला होता की काय, हा तर्काचा भाग झाला. पण त्यांच्या आवाजातली ती चढउतार गळा न सांभाळता येणाऱ्याची नाही, एवढे ऐकणाऱ्याला कळते.

गिटारचा विषय मात्र तर्काचा नाही. कीथ लेव्हीन यांना वाजवता येत नव्हते म्हणून ती बेसूर वाटते, असा लेखाचा सूर आहे. लेव्हीन हे ‘द क्लॅश’ या बँडच्या संस्थापकांपैकी एक, आणि त्याआधी कोवळ्या वयात त्यांनी ‘येस’ या, अतिशय अवघड वादनासाठी ओळखल्या जाणाऱ्या बँडचे सामान वाहण्याचे काम केलेले. पंकच्या जमान्यात ज्यांना वादनाचे खरे शिक्षण मिळालेले होते अशा मोजक्या गिटारवादकांत त्यांची गणना होते. ‘डेथ डिस्को’त ते जी ओळ वाजवतात ती चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’ या बॅलेची मुख्य धून आहे. १८७७ साली मॉस्कोच्या बोल्शोई रंगमंचावर हे बॅले प्रथम झाले आणि ती धून पाश्चात्त्य जगात लहान मुलालाही ओळखू येते. गाण्यावर काम करताना आपल्या बोटांतून नकळत हीच धून निघते आहे असे लेव्हीन यांच्या लक्षात आले, मग त्यांनी ती जाणूनबुजून, पण कागद समोर न ठेवता केवळ आठवणीतून वाजवली. आठवणीतून वाजवलेली असल्याने ती कडांना झिजलेली आहे, मध्येच घसरते आणि भलत्या सुरावर थांबते. ती धून मूळच्या गोडव्यात वाजवली असती तर तो शोकप्रसंगाचा सजवलेला देखावा झाला असता. येथे ती पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी येते आणि तरीही ओळखू येते, आणि मला तरी त्यातच तिचा परिणाम जाणवतो. पुढे अल्बमवर गाण्याला ‘स्वान लेक’ हे नाव देऊन बँडने स्वतःच या धुनेचे ऋण उघड केले आहे, त्यामुळे ती चूक होती असे म्हणायला जागाच उरत नाही.

बेसविषयी, म्हणजे खर्जाच्या गिटारविषयी, लेखात काहीच नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण हे गाणे बेसच्या खांद्यावर उभे आहे. तो वाजवणारे जा वॉबल हे लायडन यांचे महाविद्यालयीन मित्र, आणि त्यांनी वाद्य हातात घेऊन फार दिवस झालेले नव्हते. दोघांनाही जमैकातील रेगे आणि त्यातून निघालेल्या डब संगीताचे वेड होते. १९७८ च्या सुरुवातीला ‘सेक्स पिस्टल्स’ मोडल्यावर लायडन ‘व्हर्जिन’च्या रिचर्ड ब्रॅन्सन यांच्याबरोबर जमैकाला गेले होते, तेथील गायक कंपनीसाठी निवडायला. डबमध्ये गायकाचा आवाज आणि गिटार मागे सरतात, कधी गायब होतात, आणि बेस व ड्रम पुढे येऊन बसतात. ‘डेथ डिस्को’त नेमके तेच घडते. बेसची एकच आकृती गाणेभर फिरत राहते आणि आवाज व गिटार तिच्याभोवती भरकटतात. बारा इंची तबकडी पंचेचाळीसच्या वेगाने कापण्याचे कारणही हेच. खोल आणि जोरकस बेसला खाच रुंद लागते, रुंद खाचेला जागा जास्त लागते, आणि म्हणून एका बाजूला मोजकीच गाणी मावतात. आमच्या पेटीवजा प्लेअरच्या तळहाताएवढ्या स्पीकरमधून त्यातले फारसे काही येत नसे. पुढे नव्वदच्या दशकात कानाला लावायच्या चांगल्या हेडफोनवर मी हे गाणे ऐकले तेव्हा आपण पंधरा-सोळा वर्षे अर्धेच गाणे ऐकत होतो, हे समजून खजील झालो. लेखकमहाशयांनी ते मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले असेल तर त्यांचा दोष नाही, पण तसे असेल तर त्यांनी पुन्हा ऐकावे अशी विनंती आहे.

श्रोता मिळत नाही हे विधान तर सरळसरळ चुकीचे आहे. ब्रिटनच्या सिंगल्सच्या अधिकृत क्रमवारीत हे गाणे विसाव्या स्थानापर्यंत गेले होते आणि बँडने ते बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या, घराघरांत पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमात सादर केले होते. त्या कार्यक्रमात वॉबल खुर्चीत बसून, दात काळे करून हसत होते, आणि कदाचित ते चित्र पाहूनच विडंबनाची कल्पना रुजली असावी. दुःखात असलेल्या मित्राशेजारी बसून दात काळे करणे हे कोणाला असभ्य वाटेल. मला मात्र आमच्याकडच्या स्मशानातून परतल्यावरच्या गप्पा आठवल्या. तेथेही कोणीतरी एक विनोद करतोच आणि सगळे हसतात.

‘प्रयोगशील’ या शब्दाविषयी एक बोलायचे आहे. आपल्या वृत्तपत्रीय मराठीत हा शब्द आता दोनच प्रसंगी येतो. जे समजले नाही त्याची सभ्य बोळवण करायची असेल तेव्हा, किंवा जे पडले त्याला सांत्वनाचे बक्षीस द्यायचे असेल तेव्हा. या गाण्यात प्रयोग नक्कीच आहे, पण नाचाचा ठेका, जमैकन बेस, रशियन बॅलेची धून आणि विलाप अशा चार गोष्टी कोणीतरी मुद्दाम एका भांड्यात टाकून पाहिल्या, असे त्याचे स्वरूप नाही. हे सगळे त्या तिघांच्या कानांत आधीपासून होते, आणि लायडन यांच्यापुढे असे एक काम येऊन पडले की जे रॉकच्या तयार साच्यात बसत नव्हते. बॅलड, म्हणजे संथ भावपूर्ण गाणे, लिहिणे त्यांना सहज सोपे गेले असते आणि ते चालले असते अधिक. एवढ्यावरून प्रयोगाला कारण होते की नव्हते हे वाचकांनीच ठरवावे.

डब्यातल्या त्या तबकडीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ‘स्वान लेक’ जेथे संपते तेथे बंद खाच कापलेली आहे, म्हणजे सुई पुढे सरकत नाही आणि शेवटचा तुकडा कोणी हात लावेपर्यंत फिरतच राहतो. मावसभाऊ आणि मी दोघेही ती तबकडी खराब निघाली असे समजत होतो, आणि फिल्मवरचे ओरखडे शोधण्यात हयात घालवलेला मी भिंगाखाली तिच्यावरचा ओरखडा शोधत बसलो होतो. आई आतून ओरडायची, “अरे, उचल ती सुई!” ती खाच मुद्दाम कापलेली आहे हे कळायला मला एक तप लागले. सिंगलवर हा प्रकार नाही. म्हणजे जून ते नोव्हेंबर या पाच महिन्यांत त्यांना गाण्याचा शेवट बदलावासा वाटला, आणि तो त्यांनी शेवट काढून टाकून बदलला.

लेखात शेवटी असाही शेरा आहे की लायडन यांच्यासाठी हा तात्पुरता पवित्रा होता. त्याबाबत फक्त एक नोंद देतो. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी आयर्लंडच्या दूरचित्रवाणीवर युरोव्हिजन स्पर्धेसाठी देशाचे गाणे निवडण्याच्या कार्यक्रमात याच बँडबरोबर ‘हवाई’ हे गाणे गायले. ते स्मृतिभ्रंशाने आजारी असलेल्या त्यांच्या पत्नी नोरा यांच्यासाठी लिहिलेले होते. बँडचा त्या रात्री चौथा क्रमांक आला आणि एप्रिलमध्ये नोरा गेल्या. ते गाणे अगदी हळवे, संथ आणि सुरात आहे. ‘डेथ डिस्को’शी त्याचे रूप कुठेच जुळत नाही, पण घरातल्या माणसाच्या आजारपणातच लिहिलेले ते दुसरे गाणे आहे. लेव्हीन मात्र तेव्हा हयात नव्हते, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये वारले.

आपण पुढील पुरवणीत दोन दुरुस्त्या छापाव्यात अशी विनंती आहे. गाण्याचे नाव लेखात ‘मृत्यूचा डिस्को’ असे भाषांतर करून दिले आहे, ते मूळ नावानेच द्यावे. मराठीत उतरवल्यावर ते भुताच्या चित्रपटाचे नाव वाटते. आणि लेखासोबत ‘पब्लिक इमेज लिमिटेड, १९७९’ अशी ओळ देऊन जे छायाचित्र छापले आहे ते ‘सेक्स पिस्टल्स’चे आहे. त्यात कीथ लेव्हीनही नाहीत आणि जा वॉबलही नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
गिरगाव, मुंबई